मदत हवी आहे: पुरात गेलेल्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या जागी कुठली आवृत्ती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

सांगलीहून लिहितोय. प्रश्न एलपीचा आहे, पण थोडी हकिकत आधी सांगतो, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते लक्षात येईल.

बाबांकडे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमची भारतात छापलेली जुनी एलपी होती. मुंबईला नोकरीला असताना त्यांनी घेतलेली. आम्ही भावंडं त्याच प्रतीवर वाढलो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. माणसं निघाली, कागदपत्रं निघाली, कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या एलपी राहिल्या. पाणी ओसरल्यावर कप्पा उघडला तर कव्हरांचा एकच लगदा. काळ्या कव्हरावरची ती रंगीत पट्टी शेजारच्या नाट्यसंगीताच्या एलपीच्या पाठीवर उलटी उमटली होती. तबकडी डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, मधलं लेबल अलगद हातात आलं. वाजते अजून. पण खाचांत गाळाचे बारीक कण बसलेत, आणि हा अल्बम सुरू होतो तो हृदयाच्या ठोक्यांनी, अगदी हळू आवाजात. ते ठोके आता चरचरीखाली बुडतात.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. ते ठोके त्यांना पुन्हा स्वच्छ ऐकवायचे आहेत. ऐकताना “हा आपलाच आवाज” असं त्यांना वाटलं पाहिजे, एवढीच माझी इच्छा.

आतापर्यंत मी चार गोष्टी शेजारी ठेवून ऐकल्या: पुरातली एलपी, २०११ ची सीडी, २०१६ ची नवी एलपी (ही मी विकत घेतली) आणि २००३ ची तिसाव्या वर्षाची एलपी (ही मिरजेच्या मित्राची). सीडीचं मास्टरिंग (मूळ टेपवरून आवाजाला शेवटचं रूप देणं) जेम्स गथ्री यांचं. २०१६ च्या एलपीवर गथ्रींसोबत जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांची नावं आहेत, तर २००३ ची एलपी डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी कापलेली, म्हणजे जिच्यावरून एलपी छापतात त्या मूळ तबकडीत खाच कोरलेली. सगळ्यांचं मूळ तेच, अ‍ॅबी रोड स्टुडिओत अ‍ॅलन पार्सन्सनी ध्वनिमुद्रित केलेलं आणि मार्च १९७३ मध्ये बाहेर आलेलं. तरीही चारही वेगळ्या ऐकू येतात.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्याशी होतो, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. क्लेअर टोरी शब्दांशिवाय नुसत्या आवाजावर जिथं वर चढत जाते, नेमकं तिथं २०१६ च्या एलपीवर मला आवाज फाटल्यासारखा ऐकू येतो. सीडीवर फाटत नाही. जागाही वाईट आहे म्हणा. ३३ आरपीएमच्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलजवळ येईतो ती २१ वर येते. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं, आणि या अल्बममधला सगळ्यात तार स्वर बरोबर तिथंच येतो. मग दोष तबकडीत आहे की माझ्या सुईत? माझ्याकडे नेहमीचं लंबगोल टोकाच्या सुईचं कार्ट्रिज आहे. सुईचा दाब दोन ग्रॅम, प्रोट्रॅक्टर (कोनमापक पट्टी) ठेवून कोन जुळवलेला आहे.

आता मित्राबद्दल, कारण माझा अर्धा गोंधळ त्यानंच वाढवलाय. तो मिरजेत तानपुरे करतो. घोडीचा माथा कानसीनं घासून जवारी (तारेचा झंकार) काढणं हे त्याचं रोजचं काम, त्यामुळं झंकार कुठं सुटतो आणि कुठं दबतो ते त्याला आपल्या आधी कळतं. रॉक संगीत त्यानं फारसं ऐकलेलं नाही. दोन्ही एलपींवरचं ‘टाइम’ त्याला पाठोपाठ ऐकवलं, कुठली कुठली ते न सांगता. घड्याळांचा तो गजर झाला, ढोल सुरू झाले, आणि तो म्हणाला, “ही खुली जवारी आहे रे, आणि मघाची गोल. खुलीत घड्याळं दिसतात, गोलमध्ये ढोल दिसतो.” खुली जवारी म्हणजे मोकळा, उजळ झंकार, गोल म्हणजे मऊ, दबका; त्याच्या लेखी खुली ती २०१६ ची, गोल ती २००३ ची. मला स्वतःला हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं, पण त्यानं म्हटल्यावर मलाही तसंच ऐकू यायला लागलं. पुरातली प्रत गोल जवारीच्या जवळची वाटते. आता हे खरंच तसं आहे की त्याच्या शब्दांमुळं मी तसं ऐकतोय, हे मला ठरवता येत नाही.

बाबांना दोन्ही ऐकवल्या. त्यांनी २०१६ ची जास्त आवडली असं सांगितलं. या वयात वरचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ज्या एलपीत ते उठून येतात ती त्यांना बरी वाटत असेल का?

आणखी एक. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीनं १९७९ मध्ये या अल्बमची हाफ-स्पीड आवृत्ती काढली होती, कटिंग स्टॅन रिकर यांचं. हाफ-स्पीड म्हणजे टेप आणि तबकडी दोन्ही निम्म्या वेगानं फिरवून कापायचं. त्यानं कापणाऱ्या टोकाला वरच्या स्वरांसाठी दुप्पट वेळ मिळतो. तेव्हा टेपला जेमतेम सहा वर्षं झालेली, आज पन्नाशी उलटली. टेपच्या वयाचा हा फरक कानाला कळतो का? ज्यांनी ही प्रत आणि नंतरची एखादी प्रत एकाच सुईवर ऐकली असेल त्यांचा अनुभव मला हवाय.

कृपया “अ‍ॅनालॉग की डिजिटल” या वादात धागा नेऊ नका. २०२२ च्या जुलैत उघड झालं की मोबाइल फिडेलिटीच्या अलीकडच्या बऱ्याच एलपींमध्ये मूळ टेप आणि कटिंग यांच्यामध्ये डीएसडी या ध्वनिमुद्रण पद्धतीची डिजिटल पायरी होती, आणि ज्या एलपींना लोक वर्षानुवर्षं शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून नावाजत होते त्यांतल्याच त्या निघाल्या. माझ्या मते ते कव्हरवर छापायलाच हवं होतं, घेणाऱ्याचा तो हक्क आहे. पण आवाज चांगला होता तो त्या बातमीनं वाईट झाला नाही. मला कान काय सांगतो ते हवंय.

बजेट कस्टम्स धरून दहा हजारांच्या आत.

भर, तीन दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीनं उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. विचारलेल्या गोष्टींची उत्तरं एकत्र देतो.

आवाजाची पातळी सारखी केली होती का, असं दोघांनी विचारलंत. खरं सांगतो, केली नव्हती. नुसता व्हॉल्यूम तोच ठेवला होता, आणि तेवढं पुरतं असा माझा समज होता. काल ‘टाइम’मधला गजरानंतरचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोन्ही एलपींवरून संगणकावर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि सरासरी पातळी मोजली. २०१६ ची प्रत मोठी वाजत होती. ती खाली आणून बाबांना पुन्हा ऐकवलं, पुन्हा न सांगता. या वेळी ते बराच वेळ गप्प होते, मग २००३ च्या प्रतीकडं बोट करून म्हणाले, “ही लाव परत.” मोठा आवाज आपल्याला आपोआप चांगला वाटतो हे वाचलेलं होतं, पण घरात घडताना पहिल्यांदाच पाहिलं. मित्रालाही परत बोलावलं. त्याचं मत मात्र बदललं नाही, खुली ती खुलीच.

डीआर मीटरचे (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर मोजणाऱ्या साधनाचे) आकडे मागितलेत, ते मी मुद्दाम देत नाही. एकच मास्टर सीडीवर आणि एलपीवर असला तरी एलपीवरून घेतलेल्या फाइलचा आकडा जास्त येतो, त्यामुळं सीडीशी तुलना करून हाती काही लागत नाही.

फाटणाऱ्या आवाजाचं निदान ज्यांनी केलंत त्यांचं बरोबर निघालं. मिरजेच्याच एका ओळखीच्यांकडून मायक्रोलाइन (लंबगोलापेक्षा बारीक कडेच्या) टोकाची सुई दोन दिवसांसाठी आणली. टोरीचा आवाज २०१६ च्या एलपीवर शेवटपर्यंत अखंड चढला. तबकडीत काही दोष नव्हता. त्याच सुईनं पुरातली प्रतही लावली, आणि चरचर कमी झाली. पूर्ण गेली नाही, पण ठोके मोजता आले. ही सुई खाचेच्या भिंतीला बहुतेक वेगळ्या ठिकाणी टेकत असावी, जिथं गाळानं ओरखडे पाडलेले नाहीत.

त्यामुळं आता माझा प्रश्न बदललाय. २००३ ची चांगली प्रत वापरलेली मिळेल, पण त्यात बजेट संपतं. की ते पैसे मायक्रोलाइन सुईत घालून पुरातलीच प्रत नीट धुऊन घ्यावी? हातानं दोनदा धुतली आहे, तिसऱ्यांदा घासायला भीती वाटते. सांगली, मिरज, कोल्हापूर किंवा गेलाबाजार पुण्यात कुणाकडे अल्ट्रासॉनिक रेकॉर्ड क्लीनर (न घासता, पाण्यातल्या ध्वनिकंपनांनी तबकडी धुणारं यंत्र) आहे का? लेबल निघालेलं आहे, त्यामुळं ते भिजायची काळजी नाही. मी स्वतः घेऊन येईन, तुमच्या सोयीनं, रविवारी किंवा इतर कुठल्याही दिवशी.