व्याख्या नाही म्हणून क्लू बाद? (टेलिग्राफ, १९४२)

आडवातिडवा
१३ जानेवारी १९४२ च्या ‘डेली टेलिग्राफ’मधलं कोडं खोडरबर यांनी सोडवून टाकलंय आणि खाली शेरा मारलाय : “निम्मे क्लू क्रिप्टिकच नाहीत, उरलेल्यांत व्याख्येचा पत्ता नाही. असल्या कोड्यावर म्हणे ब्लेचली पार्कची भरती झाली!” (क्रिप्टिक क्लू म्हणजे शब्दखेळात अर्थ लपवणारी सूचना, व्याख्या म्हणजे त्यातला उत्तराचा सरळ अर्थ सांगणारा भाग; ब्लेचली पार्क म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं सांकेतिक संदेश फोडणारं केंद्र.) उत्तरं बरोबर आहेत. स्पष्टीकरणं वाचून मात्र राहवलं नाही.

‘द लिटल फेलो हॅज सम बिअर : इट मेक्स मी लूज कलर, आय से’, सहा अक्षरं. तुम्ही लिहिलंत, “इम्प + एल = इम्पेल, व्याख्या नाही, बाद.” झालं? अपूर्णविरामाच्या पुढे बघितलंत का? इम्प म्हणजे छोटं कार्टं, एल म्हणजे बिअर, हा पूर्वार्ध. उत्तरार्धात रंग उडालेला माणूस म्हणतोय ‘आयॅम पेल’. तीच सहा अक्षरं, फक्त तोडायची जागा दुसरी. ‘इम्पेल’ म्हणजे भोसकणं, त्याचा उल्लेख नाही हे खरं, पण उत्तर पडताळायला दोन वाटा दिल्यात. आजच्या कोड्यांत एक व्याख्या आणि एक फोड मिळते, इथे दोन फोडी.

भरतीचंही ऐका. ते कोडं भरतीसाठी रचलेलंच नव्हतं. टेलिग्राफची कोडी फार सोपी, काही मिनिटांत सुटतात, अशा तक्रारी होत्या. त्यावरून १२ मिनिटांचं आव्हान निघालं, स्पर्धा झाली, मग कोडं छापलं. काही स्पर्धकांना बोलावणी आली ती नंतर. आणि सगळ्यांत आधी संपवणारा एका स्पेलिंगमुळे बाद झाला.

खोडरबर
दोन वाटा दिल्या, पण दोन्ही घराच्या मागच्या दाराने. क्लू सोडवायची रीत साधी आहे. व्याख्या एका टोकाला असते, सुरुवातीला किंवा शेवटी. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. उरलं ती रचना, आणि तिच्यात एकही शब्द शिल्लक राहता कामा नये. ‘कोर्स विथ ॲन ॲप्ट फिनिश’ बघा : कोर्स म्हणजे ट्रेंड, आणि शेवट समर्पक, कारण शेवटी ‘एंड’. हा बसतो. आता १८ उभा घ्या : ‘द वॉर (ॲनाग.)’, ॲनाग. म्हणजे ॲनाग्रॅम, अक्षरांची फेरमांडणी. संपला क्लू! उत्तर ‘रीथ’, म्हणजे पुष्पचक्र. का? त्याच सहा अक्षरांत ‘थॉअर’, म्हणजे वितळवणारा, हाही बसतो. आडव्या शब्दांची अक्षरं येईपर्यंत खोडत बसा. व्याख्या लागते ती याचसाठी, शोभेसाठी नव्हे.

आणि ‘ट्री’, तीन अक्षरं, ॲश. ‘सेंटेड’, आठ अक्षरं, ॲरोमॅटिक. हे क्रिप्टिक?

आडवातिडवा
ॲश मुद्दाम आहे हो. सरळ क्लूंनी चौकटीत पाय रोवायचा, मग तिरकस क्लूंकडे वळायचं. तेव्हाची मिसळच तशी होती. तुमची मोजपट्टी कोडी रचणाऱ्या झिमेनीजच्या १९६६ च्या पुस्तकातली, दुसरा कोडेकार ॲफ्रिट, त्याचं सूत्र १९४९ चं. ते १९४२ ला लावायचं म्हणजे पेशव्यांकडे आधार कार्ड मागणं.

खोडरबर
पुस्तक १९६६ चं, माणूस नव्हे. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये झिमेनीजची कोडी १९३९ पासून येत होती. ॲफ्रिटने म्हटलं ते एवढंच : बोलतो तोच माझा अर्थ असेल असं नाही, पण अर्थ असेल तेच बोललं पाहिजे. हा प्रामाणिकपणा १९४२ मध्ये रेशनवर नव्हता.

पैनपै
भांडा सावकाश, पण खोडरबर, तुमची एक टीप साफ चुकली. ‘बर्ड, डिश ऑर कॉइन’, तीन अक्षरं, पाय. नाण्यापुढे तुम्ही ‘जुनं इंग्रजी नाणं’ लिहिलंय. अहो, ती आपली पै! बारा पैंचा आणा, १९२ पैंचा रुपया. पक्षी म्हणजे मॅगपाय. मराठी माणसाने हा क्लू न लिहिताच सोडवायला हवा.

तसंच ‘बोगी’. गोल्फवाल्याला ओळखीचा वाटेल असा इंजिनाचा भाग. आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, इथे अभिप्रेत आहे खालची चाकांची गाडी. हे मराठी वाचकाला सांगायला नको?

खोडरबर
पैचं मान्य. आपल्या चरणी एक पै अर्पण.

काळं घर
मूळ दुखणं वेगळंच आहे. इंग्रजी कोड्यांचा काथ्याकूट चाललाय, मराठीत असं एकही धड कोडं का नाही? कारण आपण घरात अक्षर मात्रेसकट भरतो. सहा सुट्या इंग्रजी अक्षरांच्या मांडण्या ७२०, आपल्या तीन अक्षरी शब्दाच्या ६. ॲनाग्रॅमला जागाच नाही. वर ‘कि’ला ‘की’ छेदत नाही, जोडाक्षर एका घरात कोंबावं लागतं.

आडवातिडवा
ॲनाग्रॅम नको, फोड करा. श्लेष आपला घरचा. ‘शाबास! पुरुष झाडावर उड्या मारतोय’, तीन अक्षरं. वा + नर.

काळं घर
सुरेख! पण व्याख्या कुठली? ‘झाडावर उड्या मारतोय’ हे क्रियापद आहे, वानर नाम.

आडवातिडवा
१९४२ ला चाललं असतं.

खोडरबर
बघा, आले वळणावर! व्याख्या आणि उत्तराची जात एकच हवी. हे घ्या नमुन्यादाखल : ‘काम थंड पडलेला मजूर’, चार अक्षरं. काम + गार, कामगार. व्याख्या ‘मजूर’, टोकाला, नामाला नाम.

पैनपै
आणि ‘पडलेला’चं काय करायचं? एकही शब्द शिल्लक राहता कामा नये म्हणे.

खोडरबर
तो जोडशब्द आहे, रचना आणि व्याख्या जोडणारा.

आडवातिडवा
जोडशब्द! इम्पेलला अर्ध्या अक्षराची सवलत नाही आणि स्वतःला चार अक्षरांचं अनुदान.

खोडरबर
बरं, ‘काम थंड, मजूर’. झालं समाधान?

काळं घर
नियमात बसलं. पण याला मराठी म्हणणार का?

खोडरबर
इम्पेलपुढचं ‘बाद’ खोडून ‘व्याख्याविरहित, फोड दुहेरी’ केलंय. रीथ बादच.