वकील नसलेल्या आरोपींच्या अभ्यासासाठी न्यायालये कोणत्या निकषावर निवडावीत?

नमस्कार. फौजदारी न्यायालयांत वकिलाविना उभे राहणारे आरोपी आणि त्यांना मिळणारे मोफत विधी साहाय्य या विषयावर मी पीएच.डी.चे काम करीत आहे. प्रत्यक्ष निरीक्षणासाठी हाताशी चारच महिने असल्याने तीनपेक्षा अधिक न्यायालये घेता येणार नाहीत, आणि ती कोणती घ्यावीत येथेच माझे घोडे अडले आहे.

राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या न्यायालयीन आकडेवारीच्या संकेतस्थळावरील प्रलंबित खटल्यांची संख्या पाहून निवड करण्याचा विचार मी सोडला, कारण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरून जाणारा माणूस त्या संख्येत दिसतच नाही. रोजनाम्यावरही, म्हणजे खटल्याच्या दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीवरही, विसंबता येत नाही. एका तालुका न्यायालयात मी पाहिले, की "वकील दिला आहे का?" या प्रश्नावर आरोपीने सोबतच्या पोलिसाकडे पाहत नकारार्थी मान हलवली, मागच्या बाकावरच्या एका वकिलांना पुढे बोलावले गेले, त्यांनी उभ्या उभ्याच रिमांडचा कागद चाळला, आरोपीशी एक शब्दही न बोलता पोलीस कोठडीला विरोध नोंदवला, आणि रोजनाम्यात 'आरोपीतर्फे वकील हजर' असे लिहिले गेले. पहिल्या हजेरीलाच मोफत वकिलाच्या हक्काची माहिती देणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने खत्री विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात १९८० मध्येच सांगितले आहे. ते कसे पाळले जाते, हे कोर्टात बसूनच कळते.

तूर्त माझ्या मनात पुण्याचे शिवाजीनगर न्यायालय आणि नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा ही दोन ठिकाणे आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतील लोकअभिरक्षक कार्यालय (आरोपींना मोफत बचाव देणाऱ्या पूर्णवेळ वकिलांचे कार्यालय) जिल्हा मुख्यालयी असते, त्यामुळे मुख्यालय आणि दूरचा तालुका यांतील फरक तपासता येईल; शिवाय अक्कलकुव्यात आरोपीची बोली भिली किंवा पावरी आणि कोर्टाची भाषा मराठी, हा मुद्दा मला वकील असण्या-नसण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिसरे म्हणून मुंबईतील एखादे रेल्वे न्यायालय घ्यावे काय? तेथे विनातिकीट प्रवासासारखी प्रकरणे एका बैठकीत निकाली निघतात, पण कोठडीच्या प्रकरणांशी त्यांची तुलना ग्राह्य धरली जाईल का, अशी शंका आहे.

खुल्या न्यायालयात बसण्यास आडकाठी नसली, तरी रोज वही घेऊन बसणाऱ्याकडे शिरस्तेदार संशयाने पाहतात, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांचे पत्र आधी घ्यावे, की त्यामुळे कोर्टातले नेहमीचे वागणेच बदलेल? ज्यांनी असे काम केले आहे किंवा जे विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.