इटालियन पुस्तकाप्रमाणे लंबक लावला, तरी घड्याळ रोज मागे. का?

पेठकर_७२:
गेल्या बुधवारी जुन्या बाजारात पान्यांच्या ढिगाखाली घड्याळदुरुस्तीचं एक जुनं इटालियन पुस्तक सापडलं. मिलानला छापलेलं. शिवण उसवलेली, कव्हर वाळवीनं खाल्लेलं, पण आतली चित्रं इतकी सुबक की दीडशे रुपये काढून दिले. इटालियन येत नाही, फोन धरून वाचतोय. ‘स्कापामेन्तो आद आंकोरा’चं फोननं ‘अजून पळून जाणे’ केलं! चित्र बघितल्यावर उमगलं, आंकोरा म्हणजे नांगर, आपले घड्याळवाले ‘अँकर’ म्हणतात तोच, दातेरी चाकाचा एकेक दाता अडवून सोडणारा. (पळणंही अगदी चूक नाही, प्रत्येक टिकटिकीला एक दाता निसटतोच.)

तर आजोबांचं उभं घड्याळ बरीच वर्षं बंद होतं. सगळं खोलून रॉकेलनं धुतलं. लंबकाची दांडी गंजलेली, ती लेथवाल्याकडून पोलादाची नवी करून घेतली, थाळी वरखाली करणाऱ्या नटासाठी खाली ६ मिलिमीटर जाडीचे आटे. पुस्तकातल्या कोष्टकात सेकंदाचा लंबक (एका बाजूच्या झोक्याला एक सेकंद घेणारा) ९९४ मिलिमीटर. टांगणीपासून थाळीच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजून तेवढाच ठेवला. तरी रोज दोन मिनिटं मागे! पुस्तक चुकलं की मी?

तेलपाणी:
चाकांच्या दात्यांना तेल घातलंत का? घातलं असेल तर पुसा, धूळ धरतं. तेल फक्त पिव्होटना (चाकांच्या आसांची टोकं) आणि अँकरच्या नखांना, तेही टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच.

निवृत्त_मास्तर:
तेलानं रोज दोन मिनिटं जात नाहीत हो. पुस्तकही बरोबर आहे, पण ते मिलानचं! विषुववृत्ताकडे यावं तसं गुरुत्वाकर्षण कमी होतं आणि तेवढ्याच लांबीचा लंबक हळू झुलतो. शिवाय पुणं साडेपाचशे मीटर उंच. इथे सेकंदाचा लंबक साधारण ९९१ मिलिमीटर भरतो. मिलानमध्ये बरोबर चालणारं घड्याळ पुण्यात रोज दीडेक मिनिट मागे पडणारच. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे पॅरिसहून लंबक घेऊन दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, त्याचंही हेच झालं होतं.
उरलेलं अर्धं मिनिट तुमच्या पट्टीचं. थाळीचा मध्य म्हणजे लंबकाचा हिशेबाचा बिंदू नव्हे, दांडीचं वजनही मोजावं लागतं. त्यापेक्षा नट फिरवा. तुमच्या आट्यांवर नट एका फेऱ्याला १ मिलिमीटर सरकत असणार, म्हणजे एका फेऱ्याला रोजचे साधारण ४३ सेकंद.

पेठकर_७२:
मास्तर, तीन फेरे वर घेतला. आता रोज दहा सेकंद पुढे! पाव फेरा उतरवून बघतो.

निवृत्त_मास्तर:
उन्हाळ्यात परत वर घ्यावा लागेल. पोलाद दहा अंशांनी तापलं की दांडी लांबते आणि रोज पाचेक सेकंद जातात.

पेठकर_७२:
अरेच्चा. घड्याळाच्या दाराला आतून आजोबांनी पेन्सिलनं ‘चैत्रात थोडे वर’ लिहिलंय. आम्ही आजवर समजत होतो, गुढीबद्दल आहे.