कॅलिप्सोमध्ये जमैकाचाही वाटा आहे

कॅरिबियन बेटांच्या संगीतात कॅलिप्सो हा गाण्यांचा प्रकार म्हणजे त्रिनिदाद आणि जमैका म्हणजे रेगे, अशी सरळ वाटणी केली जाते. ती मला पटत नाही. बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स हा जमैकाच्या राजधानीतला, किंग्स्टनचा बँड. १९५० च्या सुमारास कॉलेजच्या पोरांनी सुरू केला. १९६२ च्या 'डॉ. नो' या बाँडपटातल्या नाइटक्लबच्या प्रसंगात वाजवणारे हेच, आणि बास गिटार घेतलेला स्वतः बायरन ली. जमैकात इलेक्ट्रिक बास आणण्याचं श्रेयही बहुतेक जण त्यालाच देतात. पुढे स्का हा रेगेच्या आधीचा जमैकन संगीतप्रकार आला, तोही त्यांनी वाजवला. मग मात्र त्यांनी कॅलिप्सो आणि तिच्यातूनच निघालेल्या सोकाची कास धरली. रेगेच्या माहेरघरात राहून हे करायला छाती लागते!

बायरन लीकडे धंद्याची नजरही होती. त्याच्या डायनॅमिक साउंड्स स्टुडिओत १९७२ मध्ये रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड रेकॉर्डिंगला आला होता. पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम १९९० चं, जमैका कार्निव्हल. त्रिनिदादची रस्त्यावरची मिरवणूक त्याने किंग्स्टनच्या रस्त्यांवर उतरवली. २००८ मध्ये तो गेला, तरी बँड वाजत राहिला. त्रिनिदादचा मान मोठाच, पण ड्रॅगनेअर्सना वगळून कॅलिप्सोचा इतिहास सांगू नये.