मशीन घेतल्यावर हॉटेलने करार पुढे केला, आता ९० दिवसांनी पैसे आणि वर डागांची कपात. काही करता येतं का?

पेडण्याचा_लॉन्ड्रीवाला

नमस्कार मंडळी. पेडण्यात माझी लॉन्ड्री आहे, मी, बायको आणि पाच पोरं कामाला. दोन वर्षांपूर्वी मोरजीकडच्या एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं, नाव घेत नाही. ते म्हणाले आमचा सगळा लॉट घ्यायचा तर मशीन मोठं लागेल, म्हणून कर्ज काढून ६० किलोचं मशीन आणि ड्रायर घेतला, घर तारण, त्यावर बायकोचीही सही. मशीन बसलं आणि मग करार हातात आला, चौदा पानं इंग्लिशमध्ये. मॅनेजर म्हणाला स्टँडर्ड आहे, सगळेच सही करतात. केली.

आता एकेक कळतंय. पेमेंट बिलानंतर ९० दिवसांनी. ते मला ७ दिवसांच्या नोटिशीवर काढू शकतात, मला सोडायचं तर ३ महिने. दुसऱ्या हॉटेलचं काम त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि चादरीवर डाग राहिला की ९०० रुपये बिलातून वळते करतात, मला एक चादर धुवायचे मिळतात १८.

डागाचंही सांगतो. फॉरेनर लोक अंगाला सनस्क्रीन चोपडून तसेच चादरीवर लोळतात. कपडा येतो तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर गंजासारखे नारिंगी डाग उमटतात, कारण आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे आणि सनस्क्रीन त्याला धरतं. ब्लीच मारलं की आणखी पक्के. मागच्या महिन्यात ३१ चादरींचे पैसे कापले, चादरी मात्र परत दिल्या नाहीत, त्याच वापरतायत.

सही केली म्हणजे संपलंच का? एक जण म्हणाला गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो, तो वेगळा आहे. खरं का?

म्हापशाचा_वकील

आधी पोर्तुगीज कायद्याचं. १८६७ चा सिव्हिल कोड आपल्याकडे लग्न, नवराबायकोची मालमत्ता यांना लागतो, बँकेने वहिनींची सही घेतली ती त्यामुळेच. धंद्याच्या कराराला सगळ्या देशासारखाच १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट.

९० दिवसांचं कलम तुमच्यावर चालत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याचं कलम १५ बघा, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करारात काहीही लिहिलं असलं तरी. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ, म्हणजे बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के. चादर मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली नसेल तर हे ४५ दिवस डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात. फक्त उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, काम सुरू होण्याच्या आधीची असलेली बरी, तारीख बघून सांगा. तक्रार उद्योग खात्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे जाते, आणि निकाल विरुद्ध गेला तर हॉटेलला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय कोर्टात आव्हान देता येत नाही.

९०० रुपयांना कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७४. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई, आणि नुकसान झालेलंच नसेल तर तीही नाही, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाश नाथ केसमध्ये हे स्पष्ट केलंय. चादर त्यांच्याकडेच वापरात आहे हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा, तेव्हा फोटो काढून ठेवा.

आता न आवडणारं. ७ दिवस विरुद्ध ३ महिने हे अन्यायाचं आहेच, पण १९८६ च्या ब्रोजो नाथ गांगुली निकालात एकतर्फी कलम रद्द करताना कोर्टाने हेही म्हटलं होतं की दोन्हीकडे व्यापारी असतील तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. एक्सक्लुझिव्हचंही, म्हणजे दुसऱ्या हॉटेलचं काम न घेण्याचंही तेच, करार चालू असेपर्यंत अशी अट चालते असं १९९५ च्या गुजरात बॉटलिंग केसमध्ये ठरलंय. तिथे कोर्टाच्या भरवशावर राहू नका.

अर्थशास्त्राचा_मास्तर

वकीलसाहेबांनी कायदा नीट सांगितला, पण खरी गडबड सहीच्या आधीच झाली. मशीन बसेपर्यंत तुम्ही कोणाबरोबरही बोलणी करू शकत होता, बसल्यावर हात दगडाखाली सापडला, हप्ता चालू आणि एवढा माल देणारं गिऱ्हाईक एकच. याला होल्ड-अप म्हणतात. ऑलिव्हर विल्यमसनने (२००९ चं नोबेल) आणि ऑलिव्हर हार्टने (२०१६ चं) यावर आयुष्यभर काम केलं. एकाच गिऱ्हाइकासाठी केलेली गुंतवणूक करारात आधी बांधून घेतली नाही तर नंतर समोरचा भाव पाडणारच, त्याला माणूस वाईटच असायला पाहिजे असं नाही. म्हणून दर वाढवून मागण्यापेक्षा दुसरं मागा: कर्ज फिटेपर्यंत महिन्याला किमान इतके किलो माल, नाहीतर मध्येच काढलं तर उरलेल्या हप्त्यांतला वाटा. एक्सक्लुझिव्ह हवं असेल तर त्याची ही किंमत, आणि असं मागण्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

डागाचा प्रश्न मला फार आवडला, कारण इथे दोषी कोण हे विचारून काही हाती लागत नाही. ग्विदो कॅलाब्रेसी नावाच्या कायदेपंडिताने वेगळा प्रश्न विचारला, हे नुकसान कमीत कमी खर्चात कोण टाळू शकतो? पाहुण्याला सनस्क्रीन लावून बेडवर झोपू नका हे हॉटेलच सांगू शकतं, पूलसाठी गडद रंगाचे टॉवेलही तेच देऊ शकतात. पाण्यातलं लोह मात्र तुम्हीच काढू शकता, आयर्न फिल्टर लावून. म्हणजे जबाबदारी दोघांत वाटायला हवी, सगळी तुमच्या डोक्यावर टाकली तर हॉटेल काहीच करणार नाही आणि डाग पडतच राहतील.

युनिफॉर्मवाली_डिचोली

दादा, मी हॉटेलांना युनिफॉर्म शिवून देते. वकीलसाहेबांचं बरोबर आहे पण पहिल्याच दिवशी कौन्सिलकडे जाऊ नका, केस जिंकाल आणि काम जाईल. मला एका ठिकाणी परचेसवाल्याने "आमचा उद्योग सूक्ष्म-लघु नाही असं लिहून द्या" म्हणून सांगितलं होतं, मी दिलं नाही, अख्खा सीझन ऑर्डर नाही. हा नियम आपल्यासाठी आहे पण त्यामुळेच काही मोठे लोक आपल्याला टाळतात, हे मास्तरांनीही सांगायला हवं होतं.

मी काय करते, प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि खाली एक ओळ, "४५ दिवसांनंतर कायद्याप्रमाणे व्याज". आणि बोलायला मॅनेजरकडे जात नाही, थेट अकाउंट्सला. कारण २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टपासून आपलं बिल मुदतीत दिलं नाही तर त्यांना तो खर्च पैसे देतील त्याच वर्षी दाखवता येतो, ३१ मार्चला थकलेलं बिल म्हणजे त्या वर्षी जास्त टॅक्स. मॅनेजरला याचं काही नसतं, अकाउंटंटला असतं.

डागाचे कपडे आत घेतानाच वेगळे मोजा आणि चलनावर त्यांच्या माणसाची सही घ्या. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने नारिंगी डाग बराच जातो, ब्लीच अजिबात नको.

पेडण्याचा_लॉन्ड्रीवाला

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. उद्यमचं सर्टिफिकेट काढून बघितलं, मशीनच्या कर्जासाठी बँकेने करून घेतलं होतं, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीचंच निघालं. बायकोने रात्री बसून जुनी बिलं लावली, ४५ दिवसांच्या वर गेलेली सहा आहेत.

मास्तर, किमान किलोचं पत्रात घालतोय, कर्जाची अजून तीन वर्षं आहेत तेवढ्यापुरतं. फिल्टरचा खर्च माझा, गडद टॉवेल त्यांचे, असं लिहिलंय. ताई, पत्र अकाउंट्सलाच देतो, फेब्रुवारी संपायच्या आत. ते ३१ चादरींचे फोटो कसे मिळवायचे तेवढं कळत नाही, उद्या लॉट आला की त्यातल्या किती परत येतात ते मोजतो, कोपऱ्यात आमच्या मार्करची खूण आहे.