मोल्दे, 29वा आठवडा: तिकिटे, फेरी आणि खुर्ची

मेधा (सोमवार, सकाळी 7:40): नमस्कार. काल रात्री आणखी दोन घरांनी मला खासगीत "आमची मोल्देची तेवढी तिकिटे रद्द कर" असा निरोप पाठवला, म्हणून आता सर्वांसमक्षच लिहिते. नॉर्वेतल्या मोल्दे गावच्या जॅझ महोत्सवाला जायचे, यावर फेब्रुवारीत याच ग्रुपवर चौदा जणांनी अंगठे उठवले होते. ते उठवलेले नसून दाखवलेले होते, हे मला जुलै तोंडावर आल्यावर कळते आहे. गुरुवारची रोम्सडाल संग्रहालयाच्या मैदानावरची आणि शुक्रवारची कॅथेड्रलमधली, अशा दोन्ही मैफलींची तिकिटे मी माझ्या कार्डावर काढली आहेत आणि आयोजकांनीच कार्यक्रम रद्द केल्याशिवाय त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. आजपर्यंत पैसे देणाऱ्यांची संख्या पाच आहे. नावे लिहीत नाही, कारण ज्यांची लिहायची ती मंडळी हे वाचतच आहेत.

प्रभाकरकाका (7:52): मेधा, तुझा मनस्ताप समजतो. आमचे पैसे लेकीने दिले आहेत, असे ती म्हणते. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या मैदानावर बसायला खुर्ची मिळणार आहे का.

श्रीकांत (8:05): मी मार्चमध्येच सुचवले होते की मोल्देऐवजी कोंग्सबर्गला जावे. तिथेही जुलैच्या सुरुवातीला जॅझ महोत्सव असतो, ओस्लोहून रेल्वेने दीड तासाच्या आत पोहोचता येते आणि रात्री आपापल्या अंथरुणावर झोपता येते. पण ऐन सुट्टीच्या दिवसांत पाचशे किलोमीटर गाडी हाकून पावसात उभे राहण्यातच ज्यांना संगीताची सेवा वाटते, त्यांच्यापुढे आम्ही काय बोलावे?

मेधा (8:11): श्रीकांत, कोंग्सबर्गला आपण दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. शेवटची गाडी चुकेल म्हणून रंगलेल्या मैफलीतून सगळ्यांना उठवणारे गृहस्थ कोण होते, हे इथे सांगायला लावू नका.

निखिल (8:30): दोन्ही महोत्सव चांगलेच आहेत, परंतु मोल्देची गोष्ट निराळी आहे. 1953 मध्ये त्या गावात स्टोरीव्हिल नावाचा जॅझ क्लब निघाला आणि त्याच मंडळींनी 1961 मध्ये हा महोत्सव सुरू केला. हल्ली दर जुलैत, वर्षाच्या 29व्या आठवड्यात सोमवार ते शनिवार, ते चिमुकले गाव वाद्यांनी भरून जाते. 2000 पासून दरवर्षी एका कलावंताला निवासी कलावंत म्हणून बोलावतात. पहिला मान पियानोवादक चिक कोरियांना मिळाला. तोच माणूस आठवडाभर वेगवेगळ्या साथीदारांबरोबर वाजवतो, त्यामुळे एका रात्री ऐकलेला आणि दुसऱ्या रात्री ऐकलेला वादक आपल्याला दोन निरनिराळी माणसे वाटू शकतात. केवळ मैदानावरच्या मोठ्या नावाचे तिकीट काढून शनिवारी परतणे म्हणजे माझ्या मते पंगतीत बसून फक्त जिलबी खाऊन उठणे आहे.

श्रीकांत (8:34): मैदानावर जॅझ असतो, हे गृहीत कशावरून धरले? 1996 मध्ये तिथे रॉक आणि लोकगीते गाणारे बॉब डिलन गायले होते, हे तुम्हीच मागे अभिमानाने सांगितले होते.

निखिल (8:41): अभिमानाने नव्हे, तक्रारीच्या सुरात सांगितले होते. जुना निरोप वर आहे, तो पुन्हा वाचावा.

प्रभाकरकाका (8:50): विषय भरकटतो आहे म्हणून पुन्हा विचारतो. खुर्ची मिळणार आहे का? मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

अनघा (9:15): काका, संग्रहालयाचे मैदान म्हणजे जुन्या लाकडी घरांच्या सान्निध्यातले गवत आहे आणि बहुतेक लोक उभे असतात. सर्वांना एक विनंती. छत्र्या आणू नयेत, कारण मागच्या दहा माणसांना मंचाऐवजी आपल्या छत्रीची काडीच दिसत राहते. पावसासाठी अंगात घालायचे रेनकोट आणावेत. तिथे जुलैतही संध्याकाळी बारा-तेरा अंश असतात, म्हणून लोकरी बनियन बॅगेत असू द्यावी. आमचा आरव पाच वर्षांचा आहे आणि त्याच्यासाठी कानांवर लावायचे मोठे संरक्षक मी घेतले आहेत. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनीही ते घ्यावेत. इथली सगळी मुले ते लावूनच वडिलांच्या खांद्यावर बसतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

सुलभाकाकू (9:20): अनघा, तसे एक जास्तीचे असल्यास आमच्यासाठीही आण. पाच वर्षांच्या मापाचे नको.

उमेश (9:48): राहण्याची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे लिहितो. त्या आठवड्यात मोल्देत परवडेल असे काहीही शिल्लक नव्हते, म्हणून मी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, पलीकडे वेस्टनेसला घर भाड्याने घेतले आहे. ओस्लोहून डोंबोस आणि ओंडाल्सनेसमार्गे तिथपर्यंत वाटेत एकही फेरीबोट लागत नाही, ही जमेची बाजू आहे. तिथून मोल्देला जाणारी मोटारवाहू फेरी पस्तीस मिनिटांत पोहोचवते. गाड्या वेस्टनेसच्या धक्क्यावरच सोडून पायी चढावे, कारण मोल्देचा धक्का गावातच आहे.

मेधा (9:55): उमेश, घर घेतल्याबद्दल आभार, पण शुक्रवारची मैफल साडेदहाच्या पुढे संपेल. रात्री फेऱ्या विरळ होतात. त्या धक्क्यावर चौदा माणसे, त्यांत तीन मुले आणि दोन ज्येष्ठ, किती वेळ उभी राहणार आहेत?

प्रभाकरकाका (9:58): धक्क्यावरही खुर्च्या नसतील, असे मी समजतो.

निखिल (10:10): त्या वेळी अंधार नसतो, एवढा तरी दिलासा घ्यावा. जुलैच्या मध्यावर तिथे सूर्य अकराच्या सुमारास मावळतो आणि नंतरही संधिप्रकाश रेंगाळत राहतो. गेल्या खेपेला मी त्याच धक्क्यावर एका तरुणीला चेल्लोची पेटी पाठीवर घेऊन आइस्क्रीम खाताना पाहिले होते. समोर फ्योर्ड, पलीकडे बर्फाचे पट्टे असलेले डोंगर, आणि ती मान डोलावत मनातल्या मनात मघाचीच धून म्हणत होती. थांबावे लागले तर तेही मैफलीतच धरावे. शिवाय वरिष्ठांसाठी एक सांगतो: 2012 मध्ये उघडलेल्या प्लासेन या नाट्य आणि जॅझगृहाचे छप्परच पायऱ्यांसारखे खाली उतरते आणि लोक त्या पायऱ्यांवर बसून ऐकतात.

प्रभाकरकाका (10:14): पायऱ्यांना पाठ टेकता येते का?

श्रीकांत (10:31): जी तिकिटे उरतील ती ऐन वेळी दुपटीने विकावीत. मेधाचे पैसे निघतील आणि आमच्या जेवणाचाही खर्च सुटेल.

निखिल (10:36): नॉर्वेत 2007 पासून मूळ किमतीहून अधिक दराने तिकीट विकण्यास कायद्याने बंदी आहे. मूळ किमतीला ओळखीच्या कोणालाही देता येईल. आणि मेधा, मला स्पष्ट लिहू दे: ज्यांना कॅथेड्रलमध्ये शांत बसवत नाही, त्यांनी शुक्रवारचे तिकीट खरोखरच दुसऱ्याला द्यावे. गेल्या वर्षी बास या खर्जातल्या तंतुवाद्याचा एकल विस्तार अगदी हळू, जवळजवळ बोटांच्या घर्षणाइतका हळू चालला असताना आपल्यापैकी एकाने "वा, क्या बात है!" अशी दाद दिली आणि पुढच्या तीन रांगा वळून पाहू लागल्या.

प्रभाकरकाका (10:52): नाव न घेता लिहिले असले तरी रोख कळतो. निखिल, आम्ही पुण्यात सवाईला गेली पस्तीस वर्षे दाद देत आलो आहोत आणि कोणी वळून पाहिलेले नाही. 1986 च्या डिसेंबरात याच ओस्लोत झाकीरभाई, हरिप्रसाद चौरसिया, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि तुमचे नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक एकत्र ध्वनिमुद्रणास बसले होते. तबल्यावर दाद देऊ नये, असे त्यांनी कधी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

निखिल (11:05): काका, क्षमस्व. ते ध्वनिमुद्रण बंद स्टुडिओत झाले होते, श्रोत्यांसमोर नव्हे, एवढेच नम्रपणे लिहितो. दाद द्यावीच, पण तिची जागा असते. आधी धून वाजते, मग त्याच स्वरावर्तनांवर एकेक वादक पाळीपाळीने विस्तार करतो आणि त्याचा विस्तार संपून दुसरा सुरू होतो तिथे टाळ्या पडतात. आपण समेवर मान हलवतो, तसेच ते समजावे. मधल्या शांततेत मात्र इथला श्रोता खोकलासुद्धा दाबून धरतो.

सुलभाकाकू (11:12): निखिल, तुझे बरोबर आहे. मी यंदा त्यांच्या शेजारी बसणार आहे आणि खोकल्याच्या गोळ्या पुरेशा आणल्या आहेत.

अनघा (11:20): जे येणार नाहीत त्यांची तिकिटे कचेरीतल्या माझ्या दोन मैत्रिणी मूळ किमतीला घेतील. परंतु कोण येणार नाही, हे इथेच लिहावे लागेल. मेधाला खासगीत लिहू नये.

श्रीकांत (11:24): मी येणार नाही, असे मी कधीच म्हटलेले नाही. मी केवळ कोंग्सबर्ग सुचवले होते.

मेधा (दुपारी 12:02): श्रीकांत, तर मग तुमचे पैसे सहावे धरते आणि वाट पाहते. काका, मैदानावर घडीची खुर्ची आत नेता येते का, हे मी आयोजकांना ईमेलने विचारले आहे. उत्तर आले की इथे लिहीन, तोवर कृपया हा प्रश्न पुन्हा विचारू नये. उरलेल्यांनी उद्या रात्री आठपर्यंत पैसे पाठवावेत किंवा नकार कळवावा.

प्रभाकरकाका (12:06): धन्यवाद. पुन्हा विचारणार नाही. उत्तर आले का?

उमेश (12:40): पैसे पाठवले आहेत. रात्रीच्या फेऱ्यांच्या वेळापत्रकाचा फोटोही सोबत जोडला आहे. त्यातला शुक्रवारचा रकाना वाचता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व.