पहिली गिअरची गाडी: कोणती होती, आणि पाय टेकत होते का?

पाटणवाट
वय ४३. वीस वर्षं बिनगिअरची चालवतेय, त्यामुळे रस्त्याची भीती अशी नाही. पण पाटणकडचं सासऱ्यांचं शेत आता आमच्याकडे आलंय. साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठ करत जाईपर्यंत ठीक असतं, पुढे शेवटच्या तीन किलोमीटरला स्कूटी रडते. चाकं लहान, प्रत्येक खड्ड्यात बसतात. गेल्या पावसाळ्यात दोनदा ढकलत आणली. म्हणून आता गिअरची घ्यायची.

घरात दुसरा उमेदवार भाचा, नुकताच अठरा पूर्ण. त्याला थेट दोनशे सीसी हवीय. शंभर सीसी म्हणजे दूधवाल्यांची गाडी, असं त्याचं मत. माझी उंची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये गेले तर तिथला मुलगा सगळं अ‍ॅव्हरेज नवऱ्याला सांगत बसला. नवऱ्याला सायकलीपलीकडे काही येत नाही.

तर तुमची पहिली गिअरची गाडी कोणती, ती का घेतलीत, आणि आज परत घ्यायची तर तीच घ्याल का? मॉडेलच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. कुठे आणि कसे पडलात ते लिहा.

किटलीवाला
भाच्याला रामराम सांगा, दूधवाला बोलतोय.

चौदा वर्षं झाली, दोन स्प्लेंडर झाल्या. पहिली वडिलांची होती, तिच्यावरच शिकलो. गाडी ११२ किलोची आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून साठ लिटर दूध, वर मी. ताकद म्हणाल तर आठ घोड्यांची. पण ती ताकद खालच्या गिअरला, हळू चालताना मिळते. चढाला पहिला टाकला की तक्रार न करता चढते. मोठ्या गाड्यांना रेस केल्याशिवाय मजा येत नाही, आणि चिखलात रेस केली की मागचं चाक जागेवरच फिरतं.

पडायचं विचारलंत म्हणून सांगतो. भरलेल्या गाडीनं मी कधी पडलो नाही. पडलो ते एक किटली रिकामी अन् एक भरलेली असताना. दूध एकाच बाजूचं घातलं होतं डेअरीला, घाई होती, बाहेर वळताना गाडी आपोआप आडवी. तीस लिटर रस्त्यावर. आई दोन दिवस बोलली नाही.

ताई, शेताच्या वाटेला एवढंच करा: चढावर थांबलात तर पुढचा ब्रेक सोडून द्या, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा, डावा जमिनीवर. क्लच हळूहळू सोडत गाडी ओढायला लागली, आवाज जड झाला, की मग ब्रेकवरचा पाय उचला. हे हाफ क्लचचं प्रकरण जमलं की बाकी सगळं सोपं. दहा दिवस लागतात. क्लच दाबूनच चालवायची सवय मात्र लावू नका, प्लेटा जातात.

जुनाट गडी
आमच्या वेळी निवडायला होतंच काय! मी सुरुवात लुनावर केली. पन्नास सीसी, चढ आला की पॅडल मारायचं, शेजारून सायकलवाला पुढे जायचा. गिअरची पहिली म्हणजे १९९१ साली घेतलेली सेकंडहँड हीरो होंडा सीडी १००. 'फिल इट, शट इट, फरगेट इट' ही त्या गाडीची जाहिरात अजून आठवत असेल काहींना. आमच्या गल्लीत पेट्रोलवर पैसे मोजणाऱ्या प्रत्येक बापाला ती पटलेली होती. मला खरी हवी होती यामाहाची आरएक्स १००. सीसी जवळपास तेवढेच, पण ती टू-स्ट्रोक, उडी मारून निघायची. मित्रानं घेतली आणि वर्षभरात हाताला प्लास्टर.

म्हणजे दोन्ही शंभरच्याच. भाच्याला सांगा, सीसीच्या आकड्यावरून गाडी गरीब की द्वाड ते कळत नाही.

बेसावध
मी उलटं केलं, त्याची गोष्ट. पहिली नोकरी, पहिला पगार, डोक्यात लडाख. गिअरची गाडी आयुष्यात कधी चालवली नव्हती आणि थेट साडेतीनशे सीसीची घेतली. १९५ किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष तिचा नाहीच. दसऱ्याला हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर पडलो. वेग शून्य. हँडल थोडं वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला, पाय सांडलेल्या ऑइलवर, गाडी कलली. शंभर किलोची गाडी कलली तर मांडीनं अडवता येते. १९५ किलोची एका कोनापलीकडे गेली की बाजूला उडी मारायची, दुसरं काही हातात नसतं. मी अडवायला गेलो. गुडघा दीड महिना.

पण गुडघ्याचं राहू द्या. त्यानंतर मी तिला घाबरायला लागलो. ऑफिसात पार्किंग कुठे मिळेल, उतारावर तोंड करून लावली तर मागे कशी ओढू, हाच विचार सकाळपासून. हप्ते चालू, गाडी कव्हरखाली आणि मी बसनं. शेवटी चुलतभावाची जुनी १२५ मागून घेतली, तिच्यावर सहा महिने शहरभर फिरलो, दोनदा आपटलो, उचलली, झटकली, पुढे गेलो. मग मोठीचं कव्हर काढलं. लडाख अजून व्हायचंय.

पंजावाली
माझी उंची तुमच्याहून एक इंच कमी, म्हणून खास लिहितेय.

कागदावरची सीटची उंची बघून फसू नका. सीट पुढे किती रुंद आहे त्यावर पाय पसरतात की सरळ खाली जातात ते ठरतं. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर, पण पुढे निमुळती, त्यामुळे मला दोन्ही पंजे टेकतात. अ‍ॅव्हेंजर ७३७, टाचांसकट पाय टेकले, पण हँडल वळवताना हात पुरेना आणि वजन जास्त. बसून बघा, आणि नुसतं बसू नका, स्टँड काढून दोन पावलं मागे ढकलून बघा. तेवढं झालं नाही तर ती गाडी आपली नाही.

दोन्ही तळवे पूर्ण टेकायलाच हवेत असंही नाही. थांबताना फक्त डावा टेकायचा, उजवा ब्रेकवर. पण हे वळण पडायला वेळ लागतो, म्हणून पहिली गाडी बुटकीच बरी. मी शिवाय सीटवाल्याकडून इंचभर फोम कापून घेतला. बूट जाड तळव्याचे घ्या, सँडल नको.

शोरूममधल्या मुलाचं म्हणाल तर मला 'मॅडम, स्कूटर तिकडे' असं सांगण्यात आलं होतं. टेस्ट राइडची चावी मागितल्यावर चेहरा बघण्यासारखा होता.

शंकासुर
विम्याचं कुणी बोलत नाही. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो. २०२२ च्या दरांत ७५ च्या वर १५० सीसीपर्यंत ३८५१ रुपये, १५० च्या वर ३५० पर्यंत ७३६५ होते, कर वेगळा. म्हणजे १५० आणि १६० मध्ये पिकअपचा फरक कळो न कळो, पावतीवर कळतो.

हायवेवाला
सगळे शंभर सीसीची आरती करताहेत म्हणून मी जरा वाकडं लिहितो.

दोन वर्षं दर शनिवारी पुणे-सातारा शंभर सीसीवर केलं. पुण्याला जाताना बोगदा लागायचा त्यामुळे ठीक, पण पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढायचा. मागे डबलसीट मित्र, पाठीवर सॅक, तिसऱ्या गिअरला गाडी धापा टाकतेय आणि मागून ट्रक हॉर्नवर. सरळ रस्त्यावरही मोठा ट्रक शेजारून गेला की हलकी गाडी आधी बाहेर फेकली जाते, मग आत ओढली जाते. ओव्हरटेक करायला जीव नाही, मग आपण कडेच्या मातीत.

त्याहून महत्त्वाचं ब्रेक. माझ्या गाडीला दोन्हीकडे ड्रम. एकदा शिरवळजवळ समोर कुत्रं आलं, मागचा ब्रेक जोरात दाबला, चाक लॉक झालं आणि मी कुत्र्याच्या आधी पलीकडे. २०१९ मध्ये १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाडीला एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय, सक्तीचं झालं. खालच्यांना तेव्हा सीबीएस चालायचं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आहे त्यापेक्षा बरं, पण चाक लॉक होण्यापासून ते वाचवत नाही. म्हणून माझं मत: हायवे रोजचा असेल तर १५० च्या आसपासची, एबीएसवाली घ्या. १४०-१४५ किलोची असते, नवशिक्याला झेपते. शेतासाठी काय ते किटलीवाल्यांनी सांगितलंच.

उलटे गिअर
शिकायच्या आधी गिअर कुठे आहेत ते बघा. वडिलांच्या गाडीला चारही गिअर पुढे दाबायचे. मी घेतली तिला पहिला खाली, बाकी सगळे वर. आठवडाभर ठीक चाललं. मग एकदा घाईत, पन्नासच्या वेगात, पाय जुन्या सवयीनं खाली गेला. वाढवायचा गिअर कमी झाला, मागचं चाक घासत आडवं. पडलो नाही, पण मागे बसलेली बायको त्या दिवसापासून रिक्षानं जाते.

पाटणवाट
अरे किती लिहिलंत! उलटे गिअर, तुमच्या बायकोबद्दल सहानुभूती. हायवेवाले, तुमचं पटलं, पण मला हायवे उंब्रजपर्यंतच आणि तोही कडेकडेनं. भाच्याला मात्र तुमचं वाचून दाखवलं तर त्यातलं त्याला फक्त '१५० घ्या' एवढंच ऐकू आलं.

नवी की जुनी? नवी पडली तर जीव जाईल माझा.

गॅरेजवाला
जुनी घ्या. शिकाऊ हाताची गाडी आमच्याकडे येते तेव्हा लेगगार्ड वाकलेलं, इंडिकेटर तुटलेला, क्लचची लिव्हर मोडलेली, हे ठरलेलं. नवीला पहिला ओरखडा पडला की माणूस चार दिवस जेवत नाही.

बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नको. इंजिनला हात लावून बघा, गरम असेल तर काहीतरी लपवतोय. थंड गाडी दोन-तीन किकमध्ये लागली पाहिजे. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पितंय, मागे फिरा. मागच्या चक्राचे दात बघा, आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर चेनसेट गेलाय, तेवढे पैसे भावात कमी करून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्ये कुठे अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. हे सगळं दुरुस्त होतं. चेसिस वाकलेली असेल तर नाही, म्हणून मागून उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा.

कागदांचं: आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. 'नंतर करू' म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

टेम्सकाठचा नाशिककर
तुमचा धागा वाचून हसू येतंय. नाशिकला असताना एका दिवसात आठचा आकडा काढून लायसन मिळालं आणि कायद्यानं मी शंभरपासून हजार सीसीपर्यंत काहीही चालवायला मोकळा! इंग्लंडला आलो तर चाळिशीत पुन्हा शिकाऊ. इथे आधी दिवसभराचं ट्रेनिंग, मग गाडीला मागे-पुढे लाल 'एल' लावून जास्तीत जास्त १२५ सीसी. मागे कुणाला बसवायचं नाही, मोटरवेवर जायचं नाही. तरुणांना तर टप्प्याटप्प्यानंच वर जावं लागतं, थेट मोठ्या गाडीची परीक्षा द्यायला चोवीस पूर्ण लागतात.

पहिल्या दिवशी अपमान वाटला. पण शिकवणाऱ्या बाईंनी दोन तास फक्त चालण्याच्या वेगात गाडी वळवायला लावली, आणि वीस वर्षं गाडी चालवूनही मला यू-टर्न पाय न टेकता घेता येत नाही हे त्या दिवशी कळलं. नजर चाकाकडे नको, जिथे जायचंय तिथे ठेवा, एवढंच त्या ओरडत होत्या. ताई, मैदानात हे आधी करा. भाच्याला स्पर्धा म्हणून लावा, कमी जागेत कोण वळवतो.

पाटणवाट
दोन महिन्यांनी येतेय. शंभर सीसीची जुनी घेतली, सहा वर्षांची, एका शिक्षकांची. गॅरेजवाल्यांनी सांगितलेलं सगळं करून बघितलं, शिक्षक शेवटी म्हणाले की माझ्या मुलीच्या लग्नात पण एवढी चौकशी झाली नव्हती. चक्र गेलं होतं, अडीच हजार कमी करून घेतले. फोम अजून कापला नाही.

लायसन बिनगिअरचं होतं, त्यामुळे गिअरसाठी पुन्हा शिकाऊ काढलं, महिना थांबले, आठ काढला. दुसऱ्या प्रयत्नात, पहिल्यांदा पाय टेकला.

पडले दोनदा. एकदा मैदानात वळताना, नजर चाकाकडे होती, नाशिककर बरोबर बोलले. दुसऱ्यांदा ओढ्यापाशी, शेतावरच्या सगळ्या बायकांसमोर. एकटीनं उचलली. त्यातल्या एकीनं विचारलं, मला शिकवाल का.

भाचा दोनशे सीसीचं नाव काढायचा थांबलाय असं नाही, पण सध्या दूधवाल्यांची गाडी दिवसभर त्याच्याकडेच असते आणि मला माझी चावी मागावी लागते. परवा आणून लावली तर मागच्या ब्रेकचा पायदांडा वाकलेला. म्हणतो मी नाही केलं. गॅरेजवाले, सरळ करून चालेल की नवा टाकू?

गॅरेजवाला
लांब पाइप घालून ओढला की सरळ होतो. गाडी धरायला भाच्याला उभं करा.